व्हीएफडीला चोक, फिल्टर, फेराइट आणि अर्थिंग: दहा एचपीच्या पॅनेलवर टप्प्याटप्प्याने

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं, ज्याला आपण नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतो ते यंत्र, बसवल्यावर मोटर फिरली की काम झालं असं वाटतं. तक्रारी पुढच्या आठवड्यापासून येतात. शेजारच्या पॅनेलमधला तापमानाचा आकडा नाचतो, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कम्युनिकेशन मधूनच तुटतं, आरसीसीबी (गळती करंटला पडणारा ब्रेकर) विनाकारण पडतो, सहा महिन्यांत मोटरची वायंडिंग जाते. मग कोणीतरी फिल्टर आणायला सांगतं. फिल्टर येतो, रंगवलेल्या प्लेटवर बसतो आणि तक्रार तशीच राहते.

कारण फिल्टरच्या किमतीत नसतं, तो कुठे आणि कसा बसवला यात असतं. ड्राइव्हमधून निघालेला करंट, मग तो कामाचा असो वा नॉइजचा, फिरून ड्राइव्हमध्येच परत येतो. परतीचा जवळचा, रुंद रस्ता तुम्ही दिला तर तो तिथून जातो. नाही दिला तर सेन्सरच्या वायरीतून, पीएलसीच्या अर्थमधून, बेअरिंगमधून जातो. पुढची प्रत्येक पायरी करताना हा परतीचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा.

उदाहरण घेऊया ते कुठल्याही एमआयडीसीत सापडेल असं: ७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपीची ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर, ब्लोअरवर, पूर्ण लोडचा करंट साधारण १४ ते १५ अँपिअर, आधी स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणारी, पॅनेलपासून ४० मीटर लांब. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

हात लावण्याआधी

मेन बंद करा, कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. ड्राइव्हची सप्लाय बंद झाली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. ४१५ व्होल्टवर डीसी बसला, म्हणजे ड्राइव्हच्या आत एसीची डीसी होते त्या लाइनला, साधारण ५८५ व्होल्ट असतात, आणि डिस्प्ले विझला म्हणजे ते गेले असं अजिबात नाही. ड्राइव्हच्या झाकणावर थांबायची वेळ लिहिलेली असते, बहुतेक ५ ते १० मिनिटं. तेवढं थांबा आणि मग मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून डीसी प्लस आणि मायनस टर्मिनलवर मोजा. ५० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर आत घालू नका. हे काम परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखालीच करा.

मोटर आणि केबलचा मेगर (इन्सुलेशनची चाचणी) आत्ताच, ड्राइव्हपासून तिन्ही वायरी सोडवून करा. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हच्या टर्मिनलवर लावला तर आतले ट्रान्झिस्टर जातात, आणि ही चूक फार वेळा होते. वायंडिंग ते बॉडी १ मेगाओहमपेक्षा कमी असेल तर मोटर ड्राइव्हला जोडूच नका. चांगली कोरडी मोटर शेकडो मेगाओहम दाखवते.

पायरी १: जुनं काढून टाका

जुन्या स्टार्टरवर किंवा मोटरच्या बॉक्सजवळ पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेला कपॅसिटर असतो. तो काढा, अपवाद नाही. ड्राइव्हच्या आउटपुटला सेकंदाला हजारो वेळा तुटणारे पल्स असतात आणि कपॅसिटर त्या प्रत्येक पल्सला जवळजवळ शॉर्टसारखा दिसतो. नशीब चांगलं असेल तर ड्राइव्ह ओव्हरकरंटला ट्रिप होतो, नसेल तर आउटपुटचा मॉड्यूल फुटतो.

स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर आणि टायमरही निघाले पाहिजेत. मोटरच्या बॉक्समध्ये तीन पट्ट्या लावून कायमचं डेल्टा करा: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. मग सहा वायरींची गरज उरत नाही. जुन्या सहा कोरच्या साध्या केबलचा मोह टाळा आणि शिल्डवाली (कोरभोवती धातूची जाळी असलेली) किंवा आर्मर्ड केबल नवीन ओढा. का, ते पायरी ६ मध्ये.

पायरी २: इनकमिंगला एमसीसीबी, फ्यूज आणि एसपीडी

एमसीसीबी, म्हणजे इनकमिंगचा मुख्य ब्रेकर, ड्राइव्हला वाचवतो असा समज आहे. आतला ट्रान्झिस्टर मायक्रोसेकंदात जातो, एमसीसीबीला मिलिसेकंद लागतात. तो आहे केबल वाचवायला, आणि ड्राइव्हमध्ये शॉर्ट झाला तर आग पसरू नये म्हणून. या आकाराच्या ड्राइव्हला साधारण ३२ अँपिअरचा चालतो. मॅन्युअलमध्ये चोकसह (चोक म्हणजे करंटची टोकं सौम्य करणारी कॉइल, ती पायरी ३ मध्ये) आणि चोकशिवाय असे दोन वेगळे आकडे असतात, आपल्या बाबतीतला घ्या. मॅन्युअलमध्ये सेमीकंडक्टर फ्यूज सांगितला असेल तर तोच टाका. साधा फ्यूज त्याची जागा घेऊ शकत नाही.

इनकमिंग वायर ६ चौ.मिमी. तांब्याची ठेवा, प्रत्येक टोकाला लग व्यवस्थित क्रिंप केलेला. बाहेरून ॲल्युमिनियमची केबल येत असेल तर बायमेटॅलिक लग लावा, नाहीतर तांबं-ॲल्युमिनियमच्या जोडावर पावसाळ्यात काळा थर चढतो आणि टर्मिनल जळतं.

ड्राइव्हच्या आधी कॉन्टॅक्टर लावायचा असेल तर तो इमर्जन्सी स्टॉपसाठी. रोजचं चालू-बंद त्यावर करू नका. प्रत्येक वेळी सप्लाय आली की रिकामे कपॅसिटर एका छोट्या रेझिस्टन्समधून चार्ज होतात आणि वारंवार केलं तर तो रेझिस्टन्स जळतो. चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करा.

एसपीडी, म्हणजे सर्ज अरेस्टर, इनकमिंगला समांतर लागतो. पॅनेलला टाइप २ चा पुरेसा असतो, फेज ते न्यूट्रल २७५ किंवा ३२० व्होल्टचा. वळवाच्या पावसात, मे महिन्यात वीज कडाडते तेव्हा ड्राइव्हचे इनपुट डायोड जायचं हे एक मोठं कारण आहे. पण एसपीडीचा सगळा उपयोग त्याच्या वायरीच्या लांबीवर अवलंबून आहे. सरळ वायरीला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. १० किलोअँपिअरचा सर्ज ८ मायक्रोसेकंदात चढला, तर त्या एक मीटर वायरीवरच १२०० व्होल्टच्या आसपास उभे राहतात, आणि ते एसपीडीने धरलेल्या व्होल्टेजमध्ये मिळवले जातात. म्हणून फेजची आणि अर्थची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसली पाहिजे. एसपीडी पॅनेलच्या कोपऱ्यात लावून छान वळणं घेत आणलेली वायर दिसायला सुबक असते आणि सर्जसमोर निरुपयोगी. त्याच्या आधी मॅन्युअलप्रमाणे फ्यूज असू द्या.

पायरी ३: इनपुट चोक

ड्राइव्हचा इनपुट करंट साइन वेव्हसारखा नसतो. डायोड फक्त व्होल्टेजच्या शिखराजवळ उघडतात, त्यामुळे करंट अर्ध्या सायकलमध्ये दोन टोकदार उंचवट्यांसारखा येतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ ही टोकं आणखी उंच होतात. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए किंवा त्याहून मोठा आणि ड्राइव्ह त्याच्यापासून दहा मीटरच्या आत, अशी स्थिती असेल तर चोक हवाच. शेजारी एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं, कपॅसिटरचं) असेल तरीही हवाच, कारण कपॅसिटर जोडला जाताना येणारा धक्का थेट डायोडवर आणि डीसी बसवर पोचतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजला पडतो.

हार्मोनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटचा, फरक डोळ्यात भरणारा आहे. चोकशिवाय करंटमधली एकूण विकृती ८० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, ३ टक्क्यांच्या (पूर्ण करंटला व्होल्टेजच्या तेवढे टक्के खाणाऱ्या) चोकने ती साधारण ४० वर येते, ५ टक्क्यांच्या चोकने आणखी थोडी खाली.

मापाचा चोक असा काढा. ४१५ व्होल्टला फेज ते न्यूट्रल २४० व्होल्ट. त्याचे ३ टक्के म्हणजे ७.२ व्होल्ट. करंट १६ अँपिअर धरला तर ७.२ भागिले १६ म्हणजे ०.४५ ओहम. याला ३१४ ने भागा (५० हर्ट्झसाठी २ पाय एफ) आणि येतात १.४ मिलिहेन्री. दुकानदाराला 'दहा एचपीचा चोक' एवढंच न सांगता १६ अँपिअर किंवा जास्त, १.४ मिलिहेन्री, थ्री फेज, ५० हर्ट्झ असं सांगा.

तो बसवताना दोन गोष्टी. चोक गरम होतो, अगदी हात ठेवता येणार नाही इतका. पॅनेलमध्ये त्याला जागा पुरते का बघा, सगळीकडून ५० ते १०० मिलिमीटर मोकळे सोडा आणि ड्राइव्हच्या खाली लावू नका, नाहीतर त्याची गरम हवा थेट ड्राइव्हच्या पंख्यात जाते. दुसरं, बोल्ट नीट आवळा. सैल चोक गुणगुणतो आणि कंपनाने आपलेच टर्मिनल सैल करतो.

काही ड्राइव्हना एसी चोकऐवजी डीसी चोक लागतो. पी१ आणि पी अशा दोन टर्मिनलमध्ये एक पट्टी असते, चोक तिथे जोडायचा आणि पट्टी काढायची. पट्टी काढायची राहिली तर चोक जोडलेला असूनही करंट पट्टीतूनच जातो आणि उपयोग शून्य. उलट पट्टी काढून चोक जोडलाच नाही तर डीसी बस बनत नाही आणि ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवतो. मोठ्या ड्राइव्हमध्ये डीसी चोक आतच असतो, तेव्हा विकत घेण्याआधी मॅन्युअल उघडा.

एपीएफसी पॅनेलबद्दल इथेच सांगतो, कारण याची झळ ड्राइव्ह बसवणाऱ्याला बसते. ड्राइव्हमधला सर्वांत मोठा हार्मोनिक पाचवा, म्हणजे २५० हर्ट्झचा. उघडे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून त्याच्या जवळपास रेझोनन्स करू शकतात, मग कपॅसिटर फुगतात, फुटतात. कपॅसिटरला ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिॲक्टर लावले की रेझोनन्स १८९ हर्ट्झवर येतो, म्हणजे पाचव्याच्या सुरक्षित खाली. पॅनेलमध्ये दोन-चार ड्राइव्ह आले की हा विषय मालकाशी बोला.

पायरी ४: ईएमआय फिल्टर

ईएमआय फिल्टर म्हणजे ड्राइव्हचा नॉइज सप्लायच्या लाइनवर जाण्यापासून अडवणारा डबा. सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. फिल्टरच्या आतले कपॅसिटर फेज आणि बॉडी यांच्यात जोडलेले असतात. ड्राइव्हचा उच्च वारंवारितेचा नॉइज करंट मोटरच्या केबलमधून आणि बॉडीमधून प्लेटवर येतो, तो फिल्टरच्या बॉडीतून आत जाऊन परत ड्राइव्हच्या इनपुटला मिळायला हवा. फिल्टरच्या पायाखाली पावडर कोटिंग असेल तर हा रस्ता तुटतो. मग एक हिरवी-पिवळी वायर लावून तो जोडला जातो आणि काम झालं असं मानलं जातं. ५० हर्ट्झला ती वायर पुरेशी आहे, सुरक्षिततेसाठी आवश्यकही आहे. पण १० मेगाहर्ट्झला २० सेंटिमीटरच्या वायरीचा अडथळा १२ ओहमच्या आसपास असतो, आणि नॉइजला ते पुरेसं कारण आहे दुसरीकडून जायला.

म्हणून शक्य तर जस्तलेपित माउंटिंग प्लेट घ्या. रंगीत प्लेटच असेल तर फिल्टर ठेवून पेन्सिलने रेघ मारा, त्या चौकोनातला रंग कानस आणि एमरी पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, धूळ पुसा आणि फिल्टर सपाट टेकवून चारही बोल्ट आवळा. नंतर कडांना उघडा राहिलेला धातू रंगवा, नाहीतर कोकणातल्या हवेत महिन्याभरात तिथे गंज येतो. ड्राइव्हच्या पायाखालीही तीच मशागत.

जोडणीत लाइन आणि लोड अशी खूण असते, उलटं लावू नका. फिल्टरपासून ड्राइव्हपर्यंतच्या वायरी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. फिल्टरच्या आधीच्या वायरी आणि ड्राइव्हच्या आउटपुटच्या वायरी कधीही एका डक्टमध्ये नकोत: साफ केलेली वायर आणि घाण वायर शेजारी नेली की फिल्टरला वळसा घालून नॉइज पुन्हा पलीकडे पोचतो.

फिल्टरमधून अर्थकडे सतत करंट वाहतो, थ्री फेज फिल्टरचा काही दहा मिलिअँपिअरपर्यंत. म्हणून नियम असा: आधी अर्थ जोडायची, मग फेज, काढताना उलट. अर्थ सुटली तर फिल्टरची बॉडी धोकादायक होते. डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) चालणारी जागा असेल तर सेटचा न्यूट्रल अर्थ केलेला आहे का, ते विचारा. न्यूट्रल अर्थ नसलेल्या व्यवस्थेत फेज अर्थला टेकला की फिल्टरच्या कपॅसिटरवर पूर्ण लाइन व्होल्टेज येतं. अशा ठिकाणी ड्राइव्हमधला फिल्टर वेगळा करायचा स्क्रू किंवा पट्टी मॅन्युअल पाहून काढतात.

आरसीसीबीचा प्रश्न इथेच येतो. ३० मिलिअँपिअरचा साधा आरसीसीबी ड्राइव्हसमोर टिकत नाही. थ्री फेज ड्राइव्हच्या फॉल्टमध्ये सपाट डीसी असू शकतो, तो एसी आणि ए प्रकारच्या आरसीसीबीला आंधळा करतो. लागणारच असेल तर बी प्रकारचा घ्या, एका ड्राइव्हला एक, आणि ३०० मिलिअँपिअरचा चालतो का ते तिथल्या सुरक्षा नियमांनुसार ठरवा.

सगळ्यांचा क्रम लक्षात ठेवा: एमसीसीबी, कॉन्टॅक्टर, चोक, फिल्टर, ड्राइव्ह. चोक आधी, फिल्टर ड्राइव्हच्या जवळ. एखाद्या कंपनीच्या आकृतीत वेगळं असेल तर त्या आकृतीप्रमाणे.

पायरी ५: फेराइट रिंग

फेराइट, म्हणजे वायरीभोवती घालायची चुंबकीय रिंग, स्वस्त, सोपी आणि बहुतेक वेळा चुकीची लावलेली असते. नियम एकच: तिन्ही फेजच्या वायरी एकत्र, एकाच दिशेने, एकाच रिंगमधून. आतली बेरीज शून्य असल्यामुळे कामाचा करंट तिला दिसतच नाही, आणि तिन्ही वायरींतून एकाच दिशेने जाणारा नॉइज फक्त अडतो. एका फेजला एक रिंग अशी लावली तर कामाच्या करंटने रिंग सॅच्युरेट होते आणि तापते.

अर्थची वायर रिंगमधून नेऊ नका. नॉइज अर्थमधून परत येतो, दोन्ही आत नेले की बेरीज पुन्हा शून्य आणि रिंगचा परिणामही शून्य.

एक जादा फेरा चारपट काम करतो म्हणतात ते असं: इंडक्टन्स वळणांच्या वर्गाने वाढतो, दोन वळणं चारपट, तीन नऊपट. या आकारात ३ ते ४ वळणं घेता येतात. केबल जाड असेल तर वळण बसत नाही, मग चार रिंग ओळीत लावून एकदाच आरपार काढा. रिंग ड्राइव्हला जवळ ठेवा. आउटपुटला लांब केबल आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आउटपुटचे पल्स सेकंदाला किती वेळा तुटतात तो आकडा) जास्त असेल तर रिंग इतकी तापते की वायरीचं इन्सुलेशन मऊ होतं. तेव्हा कॅरिअर खाली आणा किंवा दुसरी रिंग जोडून भार वाटून घ्या.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका: वायंडिंगवर येणारा व्होल्टेजचा धक्का रिंग कमी करत नाही. ते काम पुढच्या पायरीचं.

पायरी ६: आउटपुट, मोटरची केबल आणि आउटपुट चोक

चार कोरची शिल्डवाली केबल उत्तम. आर्मर्ड केबल तिच्याइतकी चांगली नाही, पण सुट्या वायरींपेक्षा कितीतरी पटीने बरी. शिल्ड दोन्ही टोकांना जोडायची, ड्राइव्हकडे आणि मोटरकडे. कंट्रोलच्या केबलचा नियम वेगळा आहे, तो पुढे येतो, दोघांची गल्लत करू नका.

पॅनेलमध्ये काय करायचं ते जवळून बघा. केबलचं बाहेरचं आवरण ५ सेंटिमीटर सोला, शिल्ड कापू नका. उघड्या शिल्डवर धातूची क्लिप अशी बसवा की ती भोवतालून पूर्ण वळसा घालून शिल्डला धरेल, आणि क्लिप खरवडलेल्या प्लेटवर आवळा. त्यानंतर केबलचे कोर टर्मिनलपर्यंत जाऊ द्या. शिल्ड पिळून तिची शेपटी करून अर्थ बारवर नेऊ नका. १० सेंटिमीटरच्या शेपटीचा अडथळा १० मेगाहर्ट्झला ६ ओहमच्या आसपास, आणि चांगल्या शिल्डचं बरंच काम त्या शेपटीत वाया जातं. आर्मर्ड केबलला पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड लावा, ग्लँडभोवतीचा रंग दोन्ही बाजूंना खरवडा. मोटरच्या बॉक्समध्येही तेच: बॉक्सचा रंग ग्लँडच्या तळाशी राहिला तर मोटरकडचं टोक कागदावरच जोडलेलं असतं.

आता व्होल्टेजचा प्रश्न. ड्राइव्हच्या पल्सचा चढ साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदाचा असतो. पल्स केबलमधून मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर धावतो. मोटरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ चढाच्या वेळेइतका झाला की मोटरच्या टोकाला लाट परत फिरून व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं. ०.१ मायक्रोसेकंदाला हे अंतर फक्त ७.५ मीटर येतं, ०.२ ला १५. म्हणजे ५८५ च्या डीसी बसवर मोटरच्या टर्मिनलला ११०० च्या वर व्होल्ट. जुनी, दोनदा गुंडाळलेली मोटर अशा ठिकाणी पहिल्या काही वळणांत शॉर्ट होते. ४० मीटरवर या प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

अशा लांबीवर आउटपुट चोक हा पहिला उपाय. तो ड्राइव्हच्या टर्मिनलजवळ लावायचा, मोटरजवळ नाही, कारण त्याचं काम केबलमध्ये शिरणारा चढ सौम्य करणं आणि केबल चार्ज करणारा करंट रोखणं हे आहे. छोट्या ड्राइव्हला लांब केबल लावली की मोटर न जोडताही तो ओव्हरकरंटला पडतो, तो हाच चार्जिंग करंट. इनपुटचा चोक आउटपुटला वापरू नका. पल्सचं हार्मोनिक सोसण्यासाठी बनवलेला, आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी नमूद केलेला चोक मागा. बहुतेक ठिकाणी ४ किलोहर्ट्झपर्यंत मर्यादा असते, ड्राइव्हमध्ये तेवढीच ठेवा. कॅरिअर वाढवलं तर मोटरची शिट्टी कमी होते, पण गळती करंट आणि ड्राइव्हचं तापणं वाढतं.

लांबी १०० मीटरच्या वर गेली की डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजचा चढ सौम्य करणारा), त्याहून पुढे साइन फिल्टर (पल्सची साइन वेव्ह करणारा). साइन फिल्टर लावला की ड्राइव्हमध्ये कॅरिअर फिल्टरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर फिल्टर तापून जळतो. बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपाला हा विषय थेट लागू आहे: दीडशे मीटर केबल, ओली मोटर, उघडता न येणारी. तिथे साइन फिल्टरचा खर्च मोटर वर काढण्याच्या खर्चापेक्षा कमी. आणि सबमर्सिबल ३० हर्ट्झच्या खाली रेंगाळू देऊ नका, तिचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या थरावर चालतं. पहिले ३० हर्ट्झ एका सेकंदात गाठा.

पायरी ७: अर्थिंग

अर्थिंगला आपल्याकडे खड्डा म्हणजेच सगळं समजतात. मीठ-कोळसा टाकला, १ ओहम आला, तरी पीएलसी हँग होतो, मग दुसरा खड्डा. खड्डा आयएस ३०४३ प्रमाणे हवाच, तो माणसाच्या जिवासाठी आणि विजेच्या तडाख्यासाठी. नॉइज मात्र खड्ड्यात जात नाही, तो ड्राइव्हकडे परत जातो. पॅनेलपासून खड्ड्यापर्यंत १० मीटर वायर असेल तर १ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा साधारण ६३ ओहम होतो. त्याच्यापुढे तुमचा १ ओहमचा खड्डा दिसतच नाही.

म्हणून मोटरची अर्थ वायर केबलसोबतच थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला आणा. ड्राइव्हपासून पॅनेलच्या अर्थ बारला वेगळी, आखूड वायर. तीन ड्राइव्ह असतील तर तीन वायरी, एकाहून दुसऱ्याला साखळीसारखी जोडणी नको. दरवाजाला बॉडीशी जोडायला गोल वायरऐवजी रुंद वेणीची पट्टी वापरा, उच्च वारंवारितेला ती कमी अडथळा करते. अर्थमधला गळती करंट ३.५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त असणाऱ्या ड्राइव्हला संरक्षक वायर किमान १० चौ.मिमी. तांब्याची हवी, किंवा दोन वेगळ्या वायरी हव्यात. ड्राइव्ह-फिल्टरच्या जोडीला ही अट जवळजवळ नेहमी लागू होते.

पायरी ८: कंट्रोलच्या वायरी

कंट्रोलची केबल पॉवरच्या केबलपासून ३० सेंटिमीटर दूर न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. वेगाचा सिग्नल पिळलेल्या जोडीच्या शिल्डेड वायरीतून द्या आणि शिल्ड फक्त ड्राइव्हकडे जोडा, दुसरं टोक टेप लावून मोकळं ठेवा. दोन्हीकडे जोडली तर अर्थच्या फरकाने त्यातून करंट वाहून शून्याच्या जागी आकडा दिसतो. अंतर दहा-वीस मीटरचं असेल तर ० ते १० व्होल्टऐवजी ४ ते २० मिलिअँपिअर निवडा. आरएस-४८५ ला दोन्ही टोकांना १२० ओहम, मध्ये कुठेही नाही.

पॅनेलमधल्या प्रत्येक कॉन्टॅक्टर आणि रिलेच्या कॉइलला सप्रेसर लावा. एसी कॉइलला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी, डीसी कॉइलला १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. नॉइज पुष्कळदा ड्राइव्हचा नसून शेजारच्या उघड्या कॉइलचा असतो.

पायरी ९: सप्लाय द्या

सप्लाय देण्याआधी आर-एस-टी मध्ये इनकमिंग आणि यू-व्ही-डब्ल्यू मध्ये मोटर आहे, हे स्वतः बोट ठेवून पाहा. उलट झालं तर पहिल्याच क्षणी ड्राइव्ह जातो आणि वॉरंटी मिळत नाही. मोटरच्या प्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि आरपीएम भरा, ब्लोअरला चढायला १५ ते ३० सेकंद द्या. ५ हर्ट्झवर फिरवून दिशा पाहा. उलटी असेल तर आउटपुटच्या दोन वायरी बदला, इनपुटच्या बदलून काही होत नाही.

मग पूर्ण लोडवर ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने इनपुटचे तीन करंट घ्या. चोक नीट असेल तर तिन्ही जवळपास सारखे येतात. एक खूप वेगळा आला तर फेज कमी पडतोय किंवा टर्मिनल सैल आहे. अर्थच्या वायरीवरही क्लॅम्प लावून आकडा घ्या. नॉइजची झटपट परीक्षा म्हणजे खिशातला एएम रेडिओ: दोन स्टेशनांच्या मधली मोकळी जागा लावा आणि मोटरच्या केबलजवळून नेत जा. मोठी सरसर जिथे येते तिथे शिल्ड सुटलेली असते किंवा ग्लँडखाली रंग राहिलेला असतो.

हे सगळे आकडे, तारीख आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून पॅनेलच्या दरवाजाच्या आत चिकटवा. आठवड्याने मशीन बंद असताना, डीसी बस मोजून, सगळे टर्मिनल पुन्हा आवळा. नवीन लग आणि तांब्याची वायर थोडी बसते, त्यामुळे पहिलं आवळणं सैल पडलेलं असतं. एसपीडीची हिरवी खिडकी प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर बघा. लाल झालेली असेल तर त्याचा काडतुसाचा भाग त्याच दिवशी बदला.